विचारून जायची वाट

बुधामावशी, आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू गेलीस म्हणून मी जिंकले असं मी मानत नाही, आणि हरले असं तर मुळीच मानणार नाही. तीस वर्षं वडगावच्या कोर्टात जमिनीचेच दावे चालवते आहे. समोरची बाजू गैरहजर असली की एकतर्फी निकाल मागायची मला सवय आहे. तुझ्या बाबतीत तसं करणार नाही. तू समोर फतकल मारून बसली आहेस असं धरून बोलणार आहे. फक्त मध्ये तोंड घालायची तुझी खोड होती, तेवढी आता चालायची नाही.

तुला जाऊन आज पाच दिवस झाले. वाडीत जो तो म्हणतो, म्हातारी लय गुणाची होती. होतीसच. पण हट्टी किती होतीस हे कुणी बोलत नाही, आणि ते बोलायचा मान माझा आहे.

सगळ्या भांडणाचं मूळ ती वाट. आमचं रान मळवलीच्या रस्त्याला लागून, आणि रानाच्या डोक्यावर टेकडीला चिकटून तुमची ठाकरवाडी. वाडीतून खाली यायची वाट आमच्या बांधावरून. स्टेशन, रेशनचं दुकान, शाळा, दवाखाना, सगळं खाली. दुसरी वाट ओढ्यावरून वळसा घेऊन जाते, पण पावसाळ्यात ओढा चार महिने कुणालाच पलीकडे जाऊ देत नाही. आमची वाट बंद झाली असती तर बाळंतिणीला झोळीतून टेकडी उतरवायची वेळ वाडीवर आली असती. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहता, पण ती जागा सरकारी गायरान. तुमच्या नावाचा एक उतारा नाही. कागदावर वाडी नव्हतीच, मग वाडीची वाट कुठून असणार?

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक रीत होती. माघात हरभरा उपटून झाला की एके दिवशी सकाळीच ते त्या वाटेवर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकायचे. वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवली की वाट आपलीच राहते, लोकांची होत नाही, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्या दिवशी वाडीचं कुणी खाली उतरायचं नाही. तू मात्र उतरायचीस. काट्यांपाशी येऊन थांबायचीस, पदरात बोरं असायची, आणि विचारायचीस, "आबा, जाऊ का?" आबा म्हणायचे, "जा की, इचारतीस काय?" तू म्हणायचीस, "रान तुमचं हाय." मग आबा स्वतःच फांदी बाजूला ओढायचे आणि तू आमच्या ओट्यावर बोरं ओतून पुढं जायचीस. वाडीच्या वतीनं तू विचारायचीस आणि घराच्या वतीनं आबा हो म्हणायचे. झालं, पुढच्या माघापर्यंत कुणी काही बोलायचं नाही.

मी तेव्हा परकरात होते, तरी तू मला ताई आणि तुमी म्हणायचीस. मी तुला तू म्हणायचे, आमच्या घरात सगळेच म्हणायचे. मोठी झाल्यावर मला ते खटकलं. एकदा मी तुला "मावशी, तुम्ही कशा आहात?" असं विचारून पाहिलं. तू मागं वळून बघितलंस, तुझ्या पाठीमागं कोण येऊन उभं राहिलंय ते. मी परत तुझ्या वाटेला गेले नाही त्या बाबतीत.

पुण्याला कायदा शिकायला गेले आणि दुसऱ्या वर्षी घरी आले ती डोक्यात वारं भरूनच. आमच्या सरांनी शिकवलं होतं, मालकी म्हणजे एकच एक चीज नसते. जमीन कसायचा हक्क वेगळा, विकायचा वेगळा, दुसऱ्याला अडवायचा वेगळा. आणि जमीन दुसऱ्याची असली तरी तिच्यातून चालत जायचा हक्क आपला असू शकतो. तू त्या दिवशी मोळी घेऊन ओट्याशी टेकली होतीस. मी तुझी मोळी सोडली आणि एकेक लाकूड बाजूला ठेवत तुला सगळी मालकी समजावून दिली. हे कसणं, हे विकणं, हे अडवणं, आणि हे बारकं लाकूड म्हणजे तुमचं चालणं. तू सगळं नीट ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, समदं बरूबर हाय ताई, आता मोळी बांधून द्या. मला बांधता आली नाही. तुझा अर्धा तास गेला आणि त्याबद्दल तू मला वर्षभर ऐकवलंस.

पण खरी गोष्ट मी तुला त्याच दिवशी सांगितली होती, आणि ती मी आजही सोडणार नाही. वाट वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि हक्कानं वापरली तर ती वापरणाऱ्याची होते. जमीन ज्याची त्याची राहते, पण त्याला अडवता येत नाही. आबांच्या एका दिवसाच्या काट्यांनी त्यात काही फरक पडत नव्हता. वाटेचा हक्क मोडायचा तर अडवणूक वर्षभर टिकावी लागते, आणि समोरच्यानं ती वर्षभर मुकाट्यानं सोसावी लागते. आबांची फांदी दुपारपर्यंतही टिकत नव्हती. म्हणजे काटे टाकून आबांचं काही वाचत नव्हतं. विचारून मात्र तू वाडीचं सगळं घालवत होतीस. परवानगी मागून वापरलेली वाट कधीच हक्काची होत नाही, मग पन्नास वर्षं वापरा की शंभर. मी म्हटलं, "मावशी, विचारू नकोस. फांदी ओलांड आणि जा. आबा काही करत नाहीत."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी तुला चोरी करायला सांगतेय. "न इचारता कशी जाऊ ताई? आबा काय म्हंतील? मान्सानं मान्साला इचारावं."

मी आबांकडे गेले. त्यांनाही कायदा ऐकवला. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकला आणि म्हणाले, "ती इचारती म्हनून मी काटं टाकतो का मी टाकतो म्हनून ती इचारती, त्ये आता मलाबी सांगता यायचं न्हाई. तू मधी पडू नको." दोघंही चुकत होतात, दोघांनाही मी पुराव्यानिशी सांगत होते, आणि दोघं मिळून मलाच वेड्यात काढत होतात. असा पक्षकार देवानं शत्रूलाही देऊ नये.

आबा गेले त्या वर्षी माघात कुणी काटे टाकले नाहीत. दादा देहूरोडला, डेपोतली नोकरी, त्याला रानाशी काही देणंघेणं उरलेलं नव्हतं. मी सहज म्हणून लोणावळ्याहून घर झाडायला आले होते. वाट मोकळी होती आणि तू वाटेच्या तोंडाशी उभी होतीस. फांदी जिथं असायची बरोबर तिथं. माझ्याकडे बघून म्हणालीस, "ताई, जाऊ का?" मी म्हटलं, अगं कशाला विचारतेस, आता तर काटेही नाहीत. तू हललीच नाहीस. पुन्हा विचारलंस. मला "जा" म्हणावं लागलं. तू गेल्यावर मी ओट्यावर बसून रडले, हे तुला कधी सांगितलं नाही. आबांच्या तेराव्यालाही मी एवढी रडले नव्हते.

मग रान विकायचं निघालं. त्याबद्दल तू मला कधी बोल लावला नाहीस, पण वाडीतल्या काहींनी लावला, म्हणून सांगते. मला रान विकण्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. दादाला कसायचं नव्हतं, मला जमणार नव्हतं, आजूबाजूला सगळीकडे बंगले उठले होते. सातबारावर दादाचं नाव होतं तसं माझंही वारस म्हणून लागलेलं होतं. सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं लोक समजतात, ते खरं नाही, ती सरकारच्या दप्तरातली नोंद. पण आबांची मुलगी म्हणून माझा हिस्सा खराच होता आणि माझ्या सहीवाचून सगळं रान विकलं जाणार नव्हतं. घेणारे पुण्याचे एक गृहस्थ होते, कागदोपत्री शेतकरी, आयुष्यात नांगराला हात न लावलेले. मी दादाला सांगितलं, सही करते, पण आधी वाडीच्या वाटेचा दस्त होईल, मग खरेदीखत.

दादा वैतागला. वाट तर आहेच, तिला कोण अडवतंय, असं म्हणाला. मी त्याला वलवणकडच्या एका दाव्याची गोष्ट सांगितली. रान विकलं गेलं, आठ दिवसांत भिंत उभी राहिली, आणि त्या भिंतीतून दार पाडून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली. आपल्याकडे जेवढं आहे तेवढंच आपल्याला विकता येतं, असं मी त्याला म्हटलं. वाडीचा हक्क आधी बाजूला काढून ठेवला तर घेणाऱ्याच्या हाती वाटेसकटच जमीन जाते. आणि नाही ठेवला तर वाडीला कोर्टात जावं लागेल, आणि कोर्टात वाडी हरेल.

का हरेल, ते मी दादाला सांगितलं नाही. तुला सांगते. वाडीतली सगळ्यात जुनी साक्षीदार तू. समोरच्या वकिलानं तुला एकच प्रश्न विचारला असता, आजी, तुम्ही मालकाला विचारून जात होता का? आणि तू शपथेवर, मान वर करून, सांगितलं असतंस, व्हय, दर वरसाला. संपला दावा. तुला खोटं बोलायला शिकवणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणून दस्त हवा होता. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही, घेणाऱ्यांच्या तीन खेपा झाल्या, शेवटी त्यांनी मान्य केलं. बांधावरची वाट, गाडी जाईल एवढी रुंद, वाडीसाठी कायमची. मसुदा मी स्वतः लिहिला आणि मला त्याचा अभिमान आहे.

आणि मग तो दिवस. लोणावळ्याचं नोंदणी कार्यालय, बाकावर दादा, घेणारे, त्यांचा वकील, आणि वाडीच्या वतीनं अंगठा करायला तू. नवं लुगडं नेसून आली होतीस. मी तुला दस्त वाचून दाखवला. "वाडीतील रहिवासी व त्यांचे वारस यांना सदर वाटेने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय केव्हाही जाण्यायेण्याचा कायमस्वरूपी हक्क राहील." तू मला थांबवलंस.

"परवानगीबिगर, ह्ये काडा."

मी म्हटलं, मावशी, सगळा दस्तच त्या शब्दासाठी आहे. तू म्हणालीस, "आबाच्या रानात न इचारता जाईन असं लिवून देऊ? आबाला काय तोंड दावू?" आबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पलीकडे घेणाऱ्यांचा वकील घड्याळ बघत होता, आणि त्याला नेमकं हेच हवं होतं, की वाडीनंच नको म्हणावं.

तेव्हा मी तुला बोलले. सगळ्यांसमोर बोलले. तुझ्या या विचारण्यापायीच वाडीचा हक्क बुडाला, असं म्हणाले. तू शहाणी असतीस तर आज कुणाच्या दारात यायची वेळ आली नसती, असंही म्हणाले. तू अंगठा पुढं केलास. मशीननं दोनदा घेतला नाही, मग तू तो पदरानं पुसलास आणि तिसऱ्यांदा टेकवलास. झाल्यावर माझ्याकडे न बघता बाहेर गेलीस.

मावशी, कायद्यानं मी बरोबर होते. तो शब्द काढला असता तर वाट गेली असती. पण बोलले ते चुकले. शहाणी नाहीस असं मी तुला म्हणायला नको होतं, आणि तेही पाच परक्या माणसांत. त्यानंतर दोन वर्षांत तू मला मळवलीच्या बाजारात चारदा तरी भेटलीस, दर खेपेला विचारलंस, ताई बरं हाय का, आणि मी दर खेपेला चुकले म्हणायचं ठरवूनही काही बोलले नाही. वकिलाला माफी मागायचं वळण नसतं, हे कारण पुरेसं नाही ते मला माहीत आहे. आता मागते. तू नाहीस तर नाहीस, मागितली ती मागितली.

आणखी एक गोष्ट मी मनात धरून बसले होते. मला खात्री होती, रान विकल्यावरही तू विचारतच असशील. फाटकाशी जाऊन, पदरात काहीतरी घेऊन, त्या पुण्याच्या माणसाला नाहीतर त्याच्या नोकराला, जाऊ का म्हणून. मी एवढा दस्त केला तो तुझ्या लेखी नुसता कागद, असं वाटून मला तुझा राग यायचा. त्या रागानं आणि दुसऱ्या कशानं, मी दोन वर्षं त्या रानाकडे फिरकले नाही.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या लक्ष्मणाचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होते. आई गेली, मातीला या, एवढंच तुझा लेक बोलला. निघता निघता मी कपाटातून दस्ताची नक्कल काढून पिशवीत घातली. तुला शेवटचं खाली आणताना कुणी फाटक लावलं, कुणी हुज्जत घातली, तर मी तिथं असायला हवं होतं. मळवलीपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाला झाडतच आले.

फाटक सताड उघडं होतं. आबांच्या हरभऱ्याच्या जागी हिरवळ, पुढं बंगला, आणि वाट मात्र होती तिथंच, दोन्ही बाजूंनी मेंदी लावलेली. वाडी तुला घेऊन आधीच वाटेच्या मधल्या फाट्यावरून ओढ्याकाठच्या मसणवट्यात उतरली होती. मी आत पाऊल टाकलं तशी पहारेकऱ्यानं हाक मारली. बीडकडचा माणूस, बोलायला सभ्य. त्यानं विचारलं, वाडीच्या का तुम्ही? वाडीच्या माणसाला अडवायचं नाही आणि बाकी कुणाला विचारल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्याला मालकांनी सांगून ठेवलं होतं. बरोबरच सांगितलं होतं. मसुद्यात मी "व त्यांच्याकडे येणारे पाहुणे" असं घातलं होतं, घेणाऱ्यांचा वकील म्हणाला की शनिवार-रविवारी अर्धी मुंबई इथं पाहुणी असते, आणि मी ते शब्द काढू दिले. ज्या रानात मी रांगले त्यातून चालायचा हक्क तुमच्या वाडीला होता. मला नव्हता.

मी त्याला विचारलं, बुधामावशी तुम्हाला रोज विचारून जायच्या का?

तो हसला. "न्हाई बा. मी नवा आलो तेव्हा एकदा अडवलं होतं त्यांना. म्हणल्या, हितनं जायला मी कुनाला इचारत न्हाई. आमच्या ताईनं लिवून दिलंय."

मी तिथंच उभी राहिले. हसू आलं आणि डोळेही भरून आले. म्हणजे तुला कायदा कळलेला होता. मोळी सोडली त्या दिवसापासून कळलेला होता, आणि तू तो नेमका जिथं वापरायचा तिथं वापरलास. त्या माणसाला तू विचारलं नाहीस, कारण तो तुझा कुणी नव्हता. आबांना विचारायचीस. मला विचारलंस.

त्यानं परत विचारलं, वाडीच्या ना? पिशवीत दस्त होता, पण त्यात माझं नाव हक्क देणाऱ्यांत होतं, घेणाऱ्यांत नव्हतं.

"मी वाडीची नाही," मी म्हटलं. "जाऊ का?"

तो बाजूला झाला, आणि मी तुझ्या वाटेनं ओढ्याकडे गेले.